दोघांनाच ठाऊक असलेले

गेल्या वर्षीच्या जानेवारीत एका सकाळी आम्ही इंदापूरच्या रस्त्याने माझ्या माहेरच्या गावाकडे निघालो होतो. उसाच्या फडांवरचे धुके अजून पुरते विरले नव्हते. एका वळणाच्या अलीकडे, मैलाच्या दगडाला लागून असलेल्या करंजाच्या बुंध्याशी, पायजमा आणि टोपी घातलेला एक म्हातारा माणूस प्लास्टिकच्या कॅनमधून पाणी घालत होता. झाड चांगले जुने, सावलीचे होते. त्याला आता कोणी पाणी घालण्याची गरज नव्हती, म्हणूनच माझे लक्ष गेले. मग मला त्याचा डावा खांदा दिसला. उजव्यापेक्षा तो चार बोटे खाली उतरलेला होता. तालुक्याच्या कोर्टात चार वर्षे तारखांना जाऊन मी ती पाठ आणि तो खांदा इतक्या वेळा पाहिला होता, की चेहरा विसरले असते तरी खांदा विसरता आला नसता. वळण असल्यामुळे यजमानांनी गाडी हळू केली, त्या माणसाने कॅन खाली ठेवून मान वर केली, आणि मी काच वर घेतली.

काच वर जाताना जी बारीक घरघर होते, ती मला त्या दिवसापासून ऐकू येते आहे.

माझा धाकटा भाऊ बापू 1993 साली, संक्रांतीनंतरच्या तिसऱ्या दिवशी, पहाटे डेअरीला दूध घालायला सायकलवरून निघाला आणि त्या वळणावर उसाच्या ट्रकखाली आला. तो सतरा वर्षांचा होता. ट्रक चालवणारा हाच माणूस. त्या दिवशी आम्ही सगळी भावंडे दरवर्षी गावी जमतो, आणि इतकी वर्षे त्याच रस्त्याने जाऊनही मला तो कधी दिसला नव्हता. बहुधा आम्ही नेहमी दुपारी जात असू आणि तो सकाळी येऊन जात असावा. तो तिथे का येतो, हे कळायला फार विचार करावा लागला नाही. मला छळत राहिला तो माझा हात. इतक्या वर्षांत त्या माणसाचा राग निवला आहे असे मी स्वतःला आणि इतरांना सांगत आले होते, आणि माझ्या हाताने मला न विचारता काचेचे बटण दाबले होते.

नोव्हेंबरात मी मुलीकडे टोकियोला गेले. निशी-कासाई भागात ती राहते. तिथे इतकी आपली माणसे आहेत की संध्याकाळी इमारतीच्या जिन्यात मोहरी तडतडल्याचा वास येतो. तिने सेंदागाया इथल्या, नोह या जुन्या जपानी नाट्यप्रकाराच्या राष्ट्रीय नाट्यगृहाची तिकिटे काढून ठेवली होती. नाटकाचे नाव ‘आत्सुमोरी’. जाताना मेट्रोत तिने मला गोष्ट सांगितली, आणि ती सांगत असताना मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण गोष्ट कोणत्या बाजूने जाणार हे मला पहिल्या चार वाक्यांतच उमगले होते.

ताइरा आणि मिनामोतो या दोन घराण्यांच्या युद्धात, 1184 साली, आजच्या कोबे शहराच्या समुद्रकाठी इची-नो-तानी इथे लढाई झाली. ताइरांचा धुव्वा उडाला आणि त्यांची माणसे किनाऱ्यावरच्या होड्यांकडे पळाली. त्यांच्यातला एक जण घोड्यावरून पाण्यात शिरला असताना मिनामोतोंच्या बाजूच्या कुमागाई नाओझाने या योद्ध्याने त्याला पंखा हलवून मागे बोलावले. पाठ दाखवणे लाजिरवाणे, म्हणून तो परतला. दोघे भिडले, घोड्यांवरून खाली वाळूत पडले, कुमागाईने त्याला दाबून धरले आणि डोके उतरवण्यासाठी त्याचे शिरस्त्राण मागे सारले. खाली सोळा-सतरा वर्षांचा मुलगा होता. चेहऱ्यावर हलकी भुकटी लावलेली, दात त्या काळच्या उमरावी रीतीप्रमाणे काळे केलेले. कुमागाईचा स्वतःचा मुलगा त्याच वयाचा होता आणि त्याच सकाळी किंचित जखमी झाला होता. या मुलाला सोडून द्यावे असे त्याच्या मनात आले. पण वळून पाहतो तो त्याच्याच बाजूचे पन्नासएक स्वार दौडत येत होते. आपण सोडला तरी ते सोडणार नाहीत हे ओळखून त्याने रडत रडत त्या मुलाला मारले. नंतर मुलाच्या कमरेला त्याला जरीच्या पिशवीत घातलेली बासरी सापडली. त्या पहाटे शत्रूच्या गोटातून जे सूर ऐकू आले होते ते याचे, हे त्याला तेव्हा कळले. पुढे कुमागाईने शस्त्रे टाकली, होनेन या बौद्ध आचार्यांकडे जाऊन मुंडण केले आणि रेन्सेई हे नाव घेतले.

इतकी गोष्ट ‘हेइके मोनोगातारी’ या युद्धकथेत येते. झेआमी या नाटककाराने सहाशे वर्षांपूर्वी नाटक लिहिले ते मात्र यानंतरचे आहे, आणि तिथेच त्याची प्रतिभा मला दिसली. लढाई संपून बरीच वर्षे झाली आहेत. मारणारा साधू होऊन त्याच किनाऱ्यावर मृतासाठी प्रार्थना करायला आला आहे, आणि मेलेला मुलगा त्याला भेटायला येतो.

प्रेक्षागृहात शिरल्यावर मला पहिल्यांदा जाणवला तो लाकडाचा वास. प्रेक्षागृहाच्या आत आणखी एक छप्पर, त्या छपराखाली सुरूसारख्या हिनोकी लाकडाचा चौथरा, चार खांब, मागच्या फळ्यांवर रंगवलेले एकच एक पाइनचे झाड आणि डाव्या हाताला आत जाणारा लांबट पूल. दर्शनी पडदा नाही, नेपथ्य नाही, दिवे मालवणे नाही. आपल्याकडे तिसरी घंटा झाली की अंधार होतो आणि त्या अंधारात आपण आपले आयुष्य बाजूला ठेवतो. इथे ती सोय नव्हती. बासरीवाला आणि दोन तालवादक संथपणे येऊन बसले, आठ गाणारे उजव्या बाजूला दोन ओळींत बसले, आणि तालवादकांनी ढोलावर थाप मारण्याआधी खोल पोटातून हाळी दिली. ती हाळी मला थेट शिवारात घेऊन गेली. रात्री पाण्याची पाळी असलेला माणूस दुसऱ्या बांधावरच्या माणसाला साद घालतो, तेव्हा शब्द पोहोचत नाहीत आणि फक्त आवाज पोहोचतो, तसा तो आवाज होता.

तसे पाहिले तर रंगमंचावर माणसे बरीच असतात. गाणारे, वाजवणारे, गवत कापून घरी चाललेले सोबती, मध्यंतरी येऊन जुनी हकिगत सांगणारा एक गावकरी. तरीही नाटक दोघांचेच आहे. नोहमध्ये प्रमुख नटाला शिते म्हणतात आणि दुसऱ्याला वाकी. वाकी म्हणजे बाजूचा. तो आधी येतो, आपण कोण आणि कुठे निघालो हे सांगतो, प्रश्न विचारतो, आणि मग स्वतःच्या ठरलेल्या खांबापाशी जाऊन बसतो. त्याच्या तोंडावर मुखवटा नसतो. बहुतेक नाटकांत हा बाजूचा माणूस म्हणजे कोणीतरी वाटसरू असतो, त्याचा त्या दुःखाशी काही संबंध नसतो; तो फक्त ऐकून घेतो. ‘आत्सुमोरी’त मात्र ऐकून घ्यायला बसलेला माणूस स्वतः मारेकरी आहे. रेन्सेईचे काम करणारा नट साठीच्या पुढचा असावा. त्याने खांबापाशी गुडघे मुडपून बैठक घातली, आणि पुढचा बराच वेळ त्याच्या अंगाची एकही रेषा हलली नाही. आपला गुन्हा ऐकायला इतके स्थिर बसता येते हे मी कधी पाहिले नव्हते. कोर्टातल्या त्या पाठीखेरीज.

पहिल्या भागात गवत कापणारे येतात. त्यांच्यातल्या कोणाची तरी बासरी साधूला ऐकू आली आहे. बाकीचे निघून जातात आणि एक तरुण मागे राहतो. तू का थांबलास, असे साधू विचारतो, तेव्हा तो म्हणतो की माझ्यासाठी दहा वेळा नाम घ्या. साधू ‘नामू आमिदा बुत्सु’ म्हणतो, त्या अमिताभ बुद्धाचे नाव घेतो, आणि तरुण आपण आत्सुमोरीच्या नात्यातले आहोत इतकेच सांगून दिसेनासा होतो. ज्याला आपण मारले तो समोर उभा आहे आणि आपल्याकडेच प्रार्थना मागतो आहे, हे साधूला कळत नाही. आसनाच्या पाठीवरच्या छोट्या पडद्यावर हे सगळे इंग्रजीत उमटत होते, आणि माझी मुलगी अधूनमधून माझ्या मनगटावर बोट ठेवून पुढे काय ते कुजबुजत होती.

दुसऱ्या भागात तो योद्ध्याच्या वेषात येतो. या भूमिकेसाठी जे मुखवटे वापरतात त्यांतल्या एकाचे नाव ‘जूरोकू’ आहे, म्हणजे सोळा. नुसता आकडा. आपल्याकडे अभिमन्यूचेही वय सोळाच सांगतात आणि आमच्या गावच्या कीर्तनात चक्रव्यूहाच्या आख्यानाला बाया तोंडात पदर कोंबून रडत. नोहचे मुखवटे माणसाच्या चेहऱ्यापेक्षा लहान असतात. त्यामुळे त्या गोऱ्या, कोवळ्या, गालाला खळी पडेल की काय असे वाटणाऱ्या मुलाच्या चेहऱ्याखाली नटाची स्वतःची हनुवटी दिसत होती. ती वयस्क हनुवटी होती. गळ्याची कातडी सैल पडलेली, आणि गाताना थरथरणारी. मला क्षणभर वाटले की बापू जगला असता तर आता अठ्ठेचाळीसच्या घरात असता, त्याची हनुवटी अशीच सुटली असती. मेलेली माणसे आपल्या मनात त्याच वयाची राहतात असे आपण म्हणतो, ते खरे नाही. चेहरा तेवढा राहतो. त्याच्या खालून ती आपल्याबरोबर म्हातारी होत असतात.

मग ते दोघे बोलू लागले, आणि ते बोलणे ज्या रीतीने झाले ते मी अजून विसरू शकलेले नाही. आत्सुमोरी लढाईच्या आदल्या रात्रीची आठवण सांगतो. त्याच्या वडिलांनी सगळ्यांना एकत्र करून गाणे-बजावणे केले होते. त्यावर साधू म्हणतो, म्हणजे त्या रात्री गोटातून जी बासरी ऐकू येत होती ती हीच. आणि मुलगा म्हणतो, होय, ती माझी. एकाने सुरू केलेले वाक्य दुसरा पुरे करतो. दोघांच्या मधली ती रात्र, बाहेर उभे राहून ऐकणारा आणि आत बसून वाजवणारा, त्या दोघांकडेच अर्धी अर्धी आहे. मुलाच्या बापाकडे ती नाही, आईकडे नाही. मुलाचा शेवटचा श्वास कसा होता हे ज्याने तो श्वास थांबवला त्यालाच माहीत आहे, म्हणून भूत घरी जात नाही. ते मारेकऱ्याकडे येते. सूड घ्यायला आलेले असते हे तर खरेच. पण त्याला दुसरीकडे जायला जागाही नसते.

मी डोळे पुसले नाहीत, कारण शेजारची एक आजीबाई इतकी ताठ बसली होती की हात हलवायची मला चोरी वाटली.

बापूच्या खटल्याचा निकाल 1997 मध्ये लागला. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचे कलम 304 अ. गुन्हा शाबीत झाला असता तरी दोन वर्षांपलीकडे शिक्षा नव्हती, हे आम्हाला वकिलांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते आणि वडिलांना ते कधीच पटले नाही. निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्या चढताना ते स्वतःशीच पुटपुटले, ‘आज हा सूर्य आणि हा जयद्रथ.’ त्यांचा आवाज इतका मऊ होता की मला भीती वाटली. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नाही, धुके दाट होते, सायकलला दिवा नव्हता. संशयाचा फायदा देऊन आरोपीला सोडण्यात आले. साक्षीदार नाही हे वाक्य मी तेव्हा कानांनी ऐकले. त्याचा अर्थ मला त्या लाकडी चौथऱ्यासमोर बसल्यावर कळला. एक साक्षीदार चार वर्षे आमच्यापासून दहा हातांवर उभा होता, आणि आम्ही सगळे त्याच्याकडे फक्त आरोपी म्हणून पाहत होतो.

आमच्या बाजूने सूड मुळीच घेतला गेला नाही असे नाही. त्या सकाळी आवाज ऐकून वस्तीवरची माणसे धावली तेव्हा ट्रक तिरपा उभा होता, दूध डांबरावर पसरले होते, बापू गेलेला होता आणि चालक जागेवर नव्हता. तो उसात लपला होता. लोकांनी त्याला फडातून ओढून काढले. आमचे चुलते सगळ्यांत पुढे होते. टिकावाच्या दांड्याने त्यांनी त्याचा खांदा मोडला, आणि पुढे कित्येक वर्षे घरात चार माणसे बसली की ते तो प्रसंग सांगत: ‘पोराला रस्त्यावर टाकून उसात पळाला होता, मी सोडतोय होय!’ ते ऐकताना आईच्या चेहऱ्यावर थोडा उजेड येई. माझ्याही येत असला पाहिजे. तो खांदा पुढे कधी नीट बसला नाही, आणि कोर्टात तो पाहून मला दर तारखेला बरे वाटत असे. हे मी आजवर कोणापाशी बोललेले नाही.

निकालानंतर दोन महिन्यांनी मी एकटी एसटीने त्याच्या गावी गेले होते. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते, माझे लग्न ठरले होते. काय करायला गेले होते, तर त्याच्या बायकोसमोर, पोरांसमोर त्याला खुनी म्हणायला. मनात वाक्ये पाठ करून ठेवली होती. अंगणात त्याची बायको सुपात ज्वारी पाखडत होती आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा तिच्यापाशी पाटीवर काहीतरी खरडत होता. तो स्वतः घरी नव्हता. तिने मला ओळखले नाही. पदर सारखा करून ती म्हणाली, ‘बसा की बाई, उन्हाचं आलाय,’ आणि तांब्याभर पाणी आणून दिले. मी ते प्यायले. कोणाकडे आलात असे तिने विचारले तेव्हा मी भलतेच नाव सांगितले, आणि पुढच्या गाडीने परत आले.

‘आत्सुमोरी’चा शेवट तलवारीवर होतो. मुलगा आपल्या मरणाची सगळी हकिगत नाचून दाखवतो. होडी निघून गेली, मागून हाक आली, वळलो, दोन घोड्यांच्या मध्ये पडलो. त्याचा वेग हळूहळू वाढत जातो, ढोलांच्या थापा एकमेकींवर चढतात, गाणाऱ्यांचा आवाज चढतो, आणि हाच तो शत्रू असे म्हणत तो तलवार उगारून खांबापाशी बसलेल्या साधूवर धावून जातो. साधू हात वर करत नाही. मागे सरकत नाही. मला वाटते दोन पावलांचे अंतर राहिले असेल. तिथे तलवार थांबते. ज्याला मारायचे तो आपल्याच नावाने प्रार्थना करत बसला आहे; शेवटी आपण दोघे एकाच कमळावर जन्मणार आहोत; तू शत्रू नव्हेस; माझ्यासाठी प्रार्थना कर. इतके झाल्यावर नट आपली पावले न वाजवता त्या लांबट पुलावरून निघून गेला. लोकांनी लगेच टाळ्या वाजवल्या नाहीत. वाद्येवालेसुद्धा उठून गेले आणि फक्त पाइनचे झाड उरले.

बाहेर आल्यावर मुलीने विचारले, ‘आई, त्याने माफ केलं असं वाटलं का तुला?’ मला तसे वाटले नव्हते. माफी हा शब्द मला तिथे कुठे ऐकू आला नाही. मला दिसला तो उगारलेला हात, आणि तो खाली येण्यासाठी ज्या माणसाची गरज होती तो माणूस पळून न जाता तिथे बसलेला. पुन्हा पुन्हा त्याच किनाऱ्यावर यायचे आणि समोरच्याचा हात वर जाऊ द्यायचा, हे रेन्सेईचे काम होते. आपल्याकडचा अश्वत्थामा बापाच्या मरणाचा सूड रात्री झोपलेल्या पोरांवर उगवून आला, आणि कपाळाची जखम घेऊन तेल मागत फिरतो असे आजी सांगायची. त्याच्याशी कोणी बोलायला बसल्याचे मात्र आजीच्या गोष्टीत कधी आले नाही.

झेआमीचा थोरला मुलगा मोतोमासा 1432 मध्ये वारला. तोही नाटककार होता, आणि त्याच्यामागे म्हाताऱ्या बापाने एक छोटेसे शोकाचे टिपण लिहून ठेवले. ‘आत्सुमोरी’ त्याने त्याच्या आधीच लिहिले होते. मुलगा गेल्यावर या बापाने स्वतःच्याच नाटकातल्या त्या मुलाकडे कसे पाहिले असेल, हा विचार मला त्या रात्री निशी-कासाईच्या छोट्या खोलीत झोपू देईना.

पुढच्या आठवड्यात आम्ही कोबेला गेलो आणि तिथून सुमा-देरा या देवळात. अंगणात दोघांचे घोड्यावरचे पुतळे आहेत. एक पंखा उंचावून बोलावतो आहे, दुसरा पाण्याकडे तोंड करून मागे वळतो आहे. देवळाच्या संग्रहात काचेआड ‘आओबा’ नावाची बासरी ठेवली आहे, आत्सुमोरीची म्हणून. हातभरही लांब नाही. काचेवर माझा श्वास उमटला तेवढ्यापुरती ती दिसेनाशी झाली, आणि मला आईची ट्रंक आठवली.

आई 2016 मध्ये गेली तेव्हा ट्रंक मी उघडली. तळाशी, जुन्या पंच्यात गुंडाळलेली, डाव्या पायाची एक कोल्हापुरी चप्पल होती. त्या दिवाळीला बापूने हट्टाने घेतलेली, लाल गोंड्याची, करकर वाजणारी. ती वाजावी म्हणून तो मुद्दाम टाच दाबून चालायचा. पडवीतून आवाज आला की आई भाकरी तव्यावर टाकायची. पोलिसांनी सायकल दिली, चेपलेल्या दोन किटल्या दिल्या आणि ही एक चप्पल. दुसरी मिळाली नाही. कातडे वाळून लाकडासारखे कडक झाले होते आणि टाचेच्या जागी त्याच्या पायाचा खोलगट ठसा तसाच होता. मी त्यात अंगठा ठेवून पाहिला. मग तशीच गुंडाळून परत ठेवली.

यंदा जानेवारीत आम्ही मुद्दाम सकाळी निघालो. यजमानांना मी आदल्या रात्री सगळे सांगितले होते. वळणाच्या अलीकडे त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि आपण गाडीतच बसतो म्हणाले. तो तिथे होता. तोच पायजमा असेल, किंवा तसाच दुसरा. मी चालत गेले तेव्हा त्याने टोपी काढून हातात घेतली. डोक्यावर केस फारसे उरले नव्हते. खांदा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. सदऱ्याच्या आत हाड एका जागी वर आलेले दिसत होते.

मी म्हणाले, ‘मी बापूची बहीण.’

‘वळखलं, ताई. गेल्या वर्सी बी वळखलं हुतं.’

रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर गेला, दोन ट्रॉल्या लावलेला, मोठ्याने गाणे वाजवत. तो जाईपर्यंत आम्ही दोघेही करंजाकडे पाहत उभे राहिलो. विमानात मी पुष्कळ प्रश्न जुळवले होते. त्यांतला एकच आठवला.

‘तो काही बोलला होता का?’

कोण, कधी, असे त्याने विचारले नाही. कॅनचे झाकण लावायला घेतले, ते आट्यावर नीट बसेना, पुन्हा काढले, पुन्हा लावले.

‘चप्पल इचारली,’ तो म्हणाला. ‘मी मांडीवर डोस्कं घेतलं हुतं. माजी चप्पल कुटं गेली बगा ओ, नवी हाय, असं म्हनला. दोनदा म्हनला.’

‘मग?’

‘मग हुडकायला गेलो की. आदी ट्रकखाली बगितली, मग उसात शिरलो. काय दिसतंय धुक्यात. तवर लोकं आली.’ त्याने टोपी डोक्यावर घातली आणि वळून फडाकडे पाहिले. ऊस तोडणीला आला होता, तुरे वाऱ्याने एका बाजूला झुकले होते. ‘पुडल्या म्हैन्यात ऊस तुटल्यावर परत आलो हुतो, ताई. हात गळ्यात हुता. समदं रान बगितलं.’